डोलकाठीचा पाय

समुद्राकाठच्या गावात राहणाऱ्या बाईला गंज म्हणजे काय हे कुणी शिकवावं लागत नाही. खिडकीचे गज, गच्चीवरचा पत्रा, दाराची कडी, मुलांची सायकल, सगळ्यावर दोन पावसाळ्यांत लाल पापुद्रे धरतात. 'खारं वारं आहे, चालायचंच,' असं म्हणून आपण दिवाळीच्या आधी रंगाचा एक हात मारतो आणि विसरून जातो. पण हाच गंज शिडाच्या बोटीच्या डोलकाठीला धरला तर? तिथे 'चालायचंच' म्हणून भागत नाही. गज कुजला तर तो बदलता येतो, पण भर वाऱ्यात डोलकाठी कोसळली तर खाली माणसं असतात.

हा विचार माझ्या डोक्यात आला तो आमच्या बचत गटातल्या एका मासे विकणाऱ्या बाईमुळे. आमच्या खाडीत नौदलातून निवृत्त झालेले एक काका आणि त्यांच्या पत्नी आपल्या जुन्या बोटीवर दर रविवारी मुलींना शीड हाताळायला शिकवतात. गटातल्या आठवी-नववीच्या काही मुलींची नावं घ्यायची ठरली, तेव्हा बहुतेक आयांनी विचारलं, "पोहायला येत नाही, चालेल का?" या बाईने मात्र विचारलं, "ताई, बोट किती जुनी? काठी कशाची आहे? तिची देखभाल कोण करतं?" तिचा जन्म होडीवाल्यांच्या घरातला. तिच्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नव्हती, आणि मुलींना बोटीवर पाठवायचं तर ती असायलाच हवीत. म्हणून मी काकूंकडे गेले.

काठी मोडते म्हणजे काय होतं?

आपल्याला वाटतं, डोलकाठी म्हणजे नुसता उभा खांब. खरं तर ती एकटी उभी राहूच शकत नाही. पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी जाड तारा तिला ताणून धरतात. शिडात वारा भरला की तो जोर काठीवर येतो, तारा ताणल्या जातात आणि सगळ्या तारा मिळून काठीला खाली दाबतात. लहानशा बोटीतसुद्धा हा भार टनांच्या हिशेबात असतो. एक तार तुटली किंवा तारेची एक छोटी पिन निसटली, तर बाकीचा सगळा डोलारा क्षणात आडवा होऊ शकतो.

भर समुद्रात काठी गेली तर काय होतं, हे आपल्या देशाने २०१८ साली पाहिलं. कमांडर अभिलाष टॉमी 'गोल्डन ग्लोब' या एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत 'थुरिया' ही गोव्यात बांधलेली बोट घेऊन उतरले होते. सप्टेंबरात हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडे वादळात बोट उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. काही दिवसांनी, २४ सप्टेंबरला, 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. तिथे दोष गंजाचा नव्हता, वादळाचा होता. पण काठी गेलेल्या बोटीवर माणूस किती असहाय होतो ते त्यातून कळतं. हेच टॉमी बरे होऊन २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि २०२३ साली दुसरे आले. पहिली आली ती दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर, एक बाई!

वादळ आपल्या हातात नसतं. पण वादळ यायच्या आधी काठी आतून पोखरलेली नाही ना, हे पाहणं हातात असतं. काकूंचं सगळं काम त्यासाठीच चालतं.

पांढरा गंज

मी गेले तेव्हा जून लागला होता. पावसाळ्यासाठी बोट पाण्याबाहेर काढली होती आणि डोलकाठी उतरवून लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली होती. बोट तीस फुटी, फायबरची, तीस वर्षांहून जुनी. काठी अॅल्युमिनियमची, आतून पोकळ, चाळीस फुटांच्या आसपास. काकू सत्तरीच्या घरातल्या. अंगावर जुना गाऊन, त्यावर ओढणी गुंडाळलेली, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात दात घासायचा जुना ब्रश!

मी म्हटलं, "काकू, अॅल्युमिनियमला कुठे गंज धरतो?"

"लाल धरत नाही गं, पांढरा धरतो," त्या म्हणाल्या आणि त्यांनी काठीवरच्या रंगाचा एक फुगवटा नखाने उचकटला. आतून पिठासारखी पांढरी भुकटी सांडली.

मग त्यांनी समजावून सांगितलं. अॅल्युमिनियमला हवा लागली की त्याच्यावर लगेच एक अगदी पातळ, घट्ट थर तयार होतो. तो थरच त्याचं चिलखत. म्हणून आपली पातेली वर्षानुवर्षं टिकतात. पण मीठ त्या चिलखताला बारीक बारीक भोकं पाडतं. त्यातून धातू कुरतडला जातो आणि त्याची ही भुकटी होते. भुकटीला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, म्हणून वरचा रंग फुगतो. वरून फोड सुपारीएवढा दिसला, तरी खाली काय झालंय ते उकरल्याशिवाय कळत नाही.

दोन धातूंचं पटत नाही

नुसत्या मिठाने काठी सावकाश झिजते. खरं नुकसान होतं ते दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून ओले राहिले की. काठी अॅल्युमिनियमची, पण तिच्यावरचे स्क्रू, पट्ट्या, कड्या स्टेनलेस स्टीलच्या. मधे खारं पाणी शिरलं की तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते. त्यात एक धातू खाल्ला जातो आणि दुसरा चकचकीत राहतो. या जोडीत अॅल्युमिनियमच खाल्लं जातं. म्हणून वरचा स्क्रू नव्यासारखा दिसतो, आणि त्याच्या भोवतीची काठी मात्र भुसभुशीत होते.

हे आपण स्वयंपाकघरातही पाहू शकतो. स्टीलच्या भांड्यात टोमॅटोची किंवा चिंचेची आंबट-खारट भाजी उरली आणि वरून अॅल्युमिनियमची फॉइल अशी दाबून बसवली की ती भाजीलाही टेकेल आणि भांड्याच्या काठालाही, तर दुसऱ्या दिवशी फॉइलला टाचणीएवढी भोकं पडलेली दिसतात. ती उंदराची करणी नसते. आणि पितळेच्या भांड्याला कल्हई का करायची, तर ताक-आमटी धातूला भिडून कळकू नये म्हणून. आपल्या आज्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण मधे एक आडपडदा लागतो हे पक्कं ठाऊक होतं.

हाच आडपडदा ब्रिटिश नौदलाला योगायोगाने सापडला. 'अलार्म' नावाच्या त्यांच्या जहाजाचा लाकडी तळ किड्यांनी पोखरू नये म्हणून १७६१ साली त्यावर तांब्याचे पत्रे बसवले. दोन वर्षांनी पाहतात तर पत्रे शाबूत, पण लोखंडी खिळे पार खाऊन गेलेले आणि पत्रे सुटायला लागलेले. काही खिळे मात्र ठणठणीत होते. का? तर पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्याचे तुकडे तिथे तांबं आणि लोखंड यांच्या मधे राहून गेले होते! व्होल्टाने पहिली बॅटरी केली ती १८०० साली. म्हणजे कारण कळायच्या कितीतरी आधी उपाय हाताशी आला होता.

काकूंच्या काठीवरही हेच तत्त्व. प्रत्येक स्टीलच्या पट्टीखाली पातळ प्लॅस्टिकचा तुकडा, प्रत्येक बोल्टखाली नायलॉनचा वॉशर आणि स्क्रू बसवण्याआधी त्याच्या आट्यांना खास मलम. हे मलम धातूंना वेगळं ठेवतं, पाणी शिरू देत नाही आणि पाच वर्षांनी स्क्रू काढायची वेळ आली तर तो जाम होत नाही.

काकूंची तपासणी

त्या दिवशी मी नुसती पाहत बसले नाही, वहीत लिहूनही घेतलं. आयांना सांगायचं होतं ना! त्यांची पद्धत अशी :

पहिलं काम धुण्याचं. प्रत्येक रविवारी बोट परतली की काठी, तारा, कड्या गोड्या पाण्याने धुवायच्या. मीठ वाळून बसलं की ते हवेतला दमटपणा ओढतं आणि जागा ओलीच राहते. साबण साधा, सौम्य. तारेची घासणी अजिबात नाही. तिचे लोखंडी कण काठीत रुततात आणि तिथूनच नवा गंज सुरू होतो. नायलॉनचा ब्रश किंवा जुनं फडकं पुरे.

दुसरं, तारा. या तारा अनेक बारीक तारांचा पीळ घालून केलेल्या असतात. त्यातली एक तुटली तरी डोळ्याला दिसत नाही. काकू कापसाचा बोळा घेऊन तो तारेवरून वरपासून खालपर्यंत फिरवतात. तुटलेलं टोक असेल तिथे कापूस अडकतो. हात फिरवायचा नाही, रक्त निघतं. एक जरी धागा तुटलेला सापडला तरी ती तार बाद. तारेच्या टोकाला जिथे लोखंडी नळीत ती दाबून बसवलेली असते, तिथे तपकिरी ओघळ किंवा बारीक चीर दिसते का हे त्या भिंगातून पाहतात. स्टेनलेस स्टीललाही चमक टिकवायला मोकळी हवा लागते. कोंदट फटीत पाणी साचलं की तेही कुजतं. म्हणून टोकांना चिकटपट्ट्या गुंडाळून 'संरक्षण' करायचं नाही. आत पाणी कोंडतं आणि बाहेरून काही दिसत नाही.

तिसरं, सांधे. काठीच्या मध्यावर ज्या आडव्या दांड्या तारांना बाहेर ढकलून धरतात, त्यांची मुळं आणि टोकं. प्रत्येक पिनेला तिची अडकवणी आहे का ते. भोक गोल आहे की ताणाने लांबट झालंय ते.

चौथं, आतल्या विजेच्या वायरी. वरच्या दिव्याची वायर आत घासून उघडी पडली असेल, तर गळक्या विजेने काठी फार झपाट्याने खाल्ली जाते.

मी विचारलं, "बोटीच्या बुडाला ते जस्ताचे ठोकळे लावतात ना, काठीऐवजी ते झिजतात म्हणे?"

त्या हसल्या. "लावतात, पण ते पाण्याखालच्या भागापुरते. जस्त स्वतः झिजून दुसऱ्याला वाचवतं, पण त्यासाठी दोघंही एकाच पाण्यात बुडालेले हवेत. वर हवेत उभ्या असलेल्या काठीला त्याचा उपयोग नाही. तिला आपणच सांभाळायचं."

पायाशी काय सापडलं

वरचं सगळं पाहून झाल्यावर काकू काठीच्या पायाशी आल्या. पोकळ काठीच्या आत शिरलेलं पावसाचं आणि समुद्राचं पाणी शेवटी पायाशी उतरतं. ते निघून जावं म्हणून तिथे एक भोक असतं. ते भोक कुंभारमाशीने मातीचं घर करून बुजवलं होतं. मागचा हंगामभर पाणी आत साचून राहिलं असणार. काकूंनी तिथे छोट्या हातोडीने टकटक केलं. वर जो खणखणीत आवाज येत होता, तो इथे बद्द आला. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं तर ते आत रुतलं. बोटभर उंचीपर्यंत धातूचे पापुद्रे सुटत होते.

काका कट्ट्यावर बसून पाहत होते. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. ते म्हणाले, "झालं मग. आता विकून टाकू बोट. आणि मुलींना सांगा, यंदा बंद." बोलले सहज, पण मान वळवून खाडीकडे बघत राहिले. मलाही काय बोलावं सुचेना. माझ्या डोळ्यांसमोर नावं घातलेल्या अकरा मुली होत्या.

काकूंनी मात्र टेप मागवली. किती उंचीपर्यंत नरम आहे, ते इंच-इंच तपासून पेन्सिलने रेघ मारली. साडेतीन इंचांच्या वर काठी शाबूत होती. मुंबईहून या कामातला कारागीर बोलावला. त्यानेही तपासून तेच सांगितलं. खालचे चार इंच कापून टाकायचे आणि बोटीवर काठी जिथे टेकते, तिथे तेवढ्याच उंचीचा कडक प्लॅस्टिकचा ठोकळा पक्का बसवायचा. काठीची एकूण उंची तेवढीच राहते, म्हणून शीड बदलावं लागत नाही. नव्या पायाला पाण्यासाठी एकाऐवजी दोन भोकं पाडली, आणि माशी शिरू नये पण पाणी जावं म्हणून त्यांवर नायलॉनची जाळी. फुगलेला रंग खरवडून अॅल्युमिनियमसाठीचाच प्रायमर लावला. लोखंडी गेटला लावतो तो शेंदरी प्रायमर अॅल्युमिनियमला चालत नाही, उलट बाधतो. तारांना बारा वर्षं झाली होती आणि दोन ठिकाणी कापूस अडकला होता. सगळ्याच बदलल्या. साधारण दहा ते पंधरा वर्षांत त्या बदलायच्याच असतात, दिसायला कितीही चांगल्या असल्या तरी.

खर्च काही थोडा नव्हता. पण नव्या काठीच्या मानाने पुष्कळच कमी. आणि सहा महिने ते भोक बुजलेलं तसंच राहिलं असतं, तर काठीबरोबर माणसंही धोक्यात आली असती.

नंतर मी त्या मासेवाल्या बाईला घेऊन गेले. तिने काही न बोलता ठोकळ्याभोवती बोट फिरवलं, तारा हलवून पाहिल्या. म्हणाली, "आमच्या लाकडी काठीला आजा दरसाल तेल पाजायचा. हिला तुम्ही पाणी पाजता, एवढाच फरक." मग काकूंना विचारलं, "माझ्या पोरीला हे तपासायला शिकवाल? नुसतं फिरवून आणू नका." आता मुलींचा पहिला धडा शीड उभारण्याचा नसतो. पहिला धडा बादली, फडकं आणि कापसाचा बोळा! काठीवर मात्र मुलींना चढवत नाहीत. ते काम जाणत्या माणसाचं, आणि तेही दोन दोरांवर.

दोघीच, आठ महिने

या मुलींना मी 'तारिणी'ची गोष्ट सांगते. गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेली ही नौदलाची शिडाची बोट. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी अधिकाऱ्यांनी तिच्यातून जगप्रदक्षिणा केली. वर्तमानपत्रात सगळ्यांनी वाचलं. त्याहून माझ्या मनात भरली ती दुसरी फेरी. २ ऑक्टोबर २०२४ ला दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तीच बोट घेऊन गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ ला परतल्या. बोट तोवर सात-आठ वर्षांची झालेली. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाउन अशा बंदरांवर थांबे होते. पण दोन बंदरांच्या मधे आठवडेच्या आठवडे चहूकडे फक्त पाणी. तिथे मिस्त्रीला फोन करून बोलावता येत नाही. तार सैल झाली, पिन हलली तर ते दोघींपैकी कुणाच्या तरी नजरेला पडायलाच हवं.

बायकांना नजर असते, असं आपण कौतुकाने म्हणतो. डाळीतला खडा, दुधाला आलेला वास, मुलाचा उतरलेला चेहरा आपल्याला लगेच कळतो. पण हातोडी, पाना आणि भिंग हातात आलं की आपण म्हणतो, "ह्यांना विचारते." काकूंनी कुठे विचारलं? आणि त्या काही इंजिनिअर नाहीत. माझ्यासारख्याच कला शाखेच्या पदवीधर.

घरी करून पाहा

आपल्यापैकी बहुतेकींकडे बोट नाही, पण खारं किंवा दमट वारं आणि दोन धातूंची भांडणं घरोघरी आहेत. म्हणून काकूंच्या वहीतल्या चार गोष्टी :

अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांना साधे लोखंडी स्क्रू मारू देऊ नका. चांगले स्टेनलेसचे घ्या आणि खाली नायलॉनचा वॉशर मागून घ्या. खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी जायची बारीक भोकं असतात, ती दर महिन्याला काडीने मोकळी करा.

समुद्राजवळ राहत असाल तर ग्रिल, पंप, सोलरचा सांगाडा अधूनमधून गोड्या पाण्याने धुवा. आधी मीठ जाऊ दे, मग रंग. मिठावर रंग लावला तर तो आतून फुगणारच.

साठवणीच्या पुष्कळशा गीझरमध्ये मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीऐवजी ती झिजते, जस्ताच्या ठोकळ्यासारखी. ती संपली की टाकीची पाळी येते. सर्व्हिसिंगला माणूस आला की त्याला कांडी काढून दाखवायला सांगा.

आणि चौथी गोष्ट, कुठेही रंग फुगलेला दिसला तर त्यावर दुसरा हात मारू नका. आधी नखाने उचकटून आत काय आहे ते पाहा.